कॅमेलियाच्या कळ्या न फुलताच गळतात? आधी जात ओळखा, मग कुदळ उचला

दर फेब्रुवारीत ओळखीच्यांकडून एकच फोटो येतो. कॅमेलियाच्या (चहाच्या कुळातलं हे फुलझाड) कुंडीभोवतीच्या फरशीवर सुपारीएवढ्या तपकिरी कळ्यांचा सडा, आणि खाली प्रश्न: "हे अचानक काय झालं?" अचानक काहीच झालेलं नसतं. चूक झाली मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये, आपण पुण्या-नाशकाला आमरस संपल्याची हळहळ करत बसलो होतो तेव्हा. इकडे इंग्लंडमध्ये मागच्या दारची कुंडी त्या वेळी शेजाऱ्यांच्या दयेवर होती. कॅमेलिया चूक लगेच दाखवत नाही, सहा महिने पोटात ठेवते. म्हणून लोक भलत्याच महिन्यात भलताच उपाय करतात.

मी लंडनच्या दक्षिणेला राहतो. खालचे महिने आणि हवामान इंग्लंडचं आहे. इतर देशांतल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. टप्प्यांचा क्रम मात्र कुठेही बदलू नका: जात, जागा, माती-पाणी, लावणी, उन्हाळा, छाटणी. बहुतेक जण लावणीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## टप्पा १: जात ओळखा

नर्सरीत जाऊन "कॅमेलिया द्या" म्हणणं म्हणजे मंडईत "आंबा द्या" म्हणण्यासारखं आहे. कुठला, कधी पिकणारा, हे ठरवल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. मूळ कुठलं आहे यावरून ऊन-सावली ठरते आणि फुलायचा महिना कळला की छाटणीचा महिना कळतो.

जपोनिका. जपान, दक्षिण कोरिया आणि चीनचा पूर्व भाग हे हिचं घर. तिथे ती मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत, दमट हवेत वाढते. म्हणून तिला अर्धी सावली मानवते. पानं जाड, चकचकीत. इंग्लंडमध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिल फुलते, काही जाती आधी, काही मेपर्यंत. हिचा एक दोष आहे: बऱ्याच जातींत सुकलेलं फूल गळत नाही, तपकिरी होऊन फांदीला लटकून राहतं. पांढऱ्या फुलांवर ते फारच दिसतं. रोज झाडाशी उभं राहून फुलं खुडायला वेळ नसेल तर पांढरी, भरगच्च पाकळ्यांची जपोनिका घेऊ नका.

विल्यमसाय. ही रानातली नाही. चीनच्या युन्नानकडची सालुएनेन्सिस आणि जपोनिका यांचा हा संकर. १९२० च्या दशकात कॉर्नवॉलमधल्या कारहेजच्या बागेत तो झाला. आपल्या कामाचे तिचे दोन गुण आहेत. थंड उन्हाळ्यात आणि कमी उजेडातही ती कळ्या धरते, आणि सुकलेली फुलं स्वतःच टाकते. मँचेस्टर, लीड्स, एडिनबरोकडच्यांनी आणि पहिल्यांदाच कॅमेलिया लावणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. 'डोनेशन', 'डेबी', 'अँटिसिपेशन' ही नावं सहज मिळतात.

ससान्क्वा. दक्षिण जपानची: क्यूशू, शिकोकू, र्‍यूक्यू बेटं. पान लहान, फूल नाजूक, मंद वासाचं, पाकळ्या एकेक करून पारिजातकासारख्या खाली पडतात. ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत फुलते. हिला ऊन हवं. "कॅमेलिया म्हणजे सावली" हे वाक्य कुठेतरी वाचून लोक ससान्क्वा उत्तरेच्या भिंतीला लावतात आणि वर्षानुवर्षं नुसती पानं पाहतात. लेबलावर 'हिएमालिस' किंवा 'व्हर्नालिस' असेल तरी तिला ससान्क्वासारखंच वागवा. नाताळच्या सुमारास लाल फुलं आणि मधोमध पिवळा केसरांचा झुपका दिसतो, ती 'यूलटाइड' याच घरातली.

रेटिक्युलाटा. युन्नानची. फुलं हाताच्या पंजाएवढी. फोटो पाहून मोह होतोच. पण कॉर्नवॉलसारखा सौम्य भाग सोडला तर इंग्लंडमध्ये तिला काचघर लागतं. ते नसेल तर पुढे चला.

सायनेन्सिस. म्हणजे आपला चहा. फुलं शरद ऋतूत येतात, लहान, पांढरी, मान खाली घातलेली. चहाची पानं खुडायची हौस असेल तर जरूर लावा. दारची शोभा म्हणून लावलीत तर हिरमोड होईल.

पिवळ्या फुलांची नितिदिस्सिमाही असते. ती चीनमधल्या ग्वांगशीच्या आणि उत्तर व्हिएतनामच्या उबदार जंगलांतली, इंग्लंडच्या अंगणात टिकणार नाही. निळ्या कॅमेलियाचं बी ऑनलाइन विकतात. निळी कॅमेलिया नसते. मुळात नाव असलेल्या कुठल्याही जातीचं बी पेरून तीच जात मिळत नाही, त्यासाठी कलमच लागतं.

> तपासा: घर विकत घेतलं आणि मागे बिनलेबलाचं झुडूप आहे? एक वर्ष काही करू नका. फूल कोणत्या महिन्यात आलं, सुकल्यावर लटकलं की गळलं, पान केवढं आहे, एवढं लिहून ठेवा. शरदात फुललं आणि पान लहान असेल तर ससान्क्वा. वसंतात फुलून फूल आपोआप गळलं तर बहुधा विल्यमसाय, लटकून राहिलं तर जपोनिका.

खरेदीच्या वेळी कळ्या मोजू नका, मुळं बघा. झाड कुंडीतून हळूच बाहेर सरकवा. मुळं मातीभोवती गुंडाळून दोरखंड झालेली असतील तर परत ठेवा. दोन-चार फुलं उमललेलं झाड घेतलं तर रंगाची खात्रीही होते.

## टप्पा २: जागा

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सकाळचं कोवळं ऊन झाडाला चांगलं. तुळस अशीच ठेवतो. इथे हाच संस्कार नडतो. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन थेट पडलं की ती भर्रकन वितळते, आतल्या पेशी फुटतात आणि कळी तपकिरी होते. तीच कळी सावलीत हळूहळू वितळली तर बऱ्याचदा वाचते.

म्हणून हिवाळा-वसंतात फुलणाऱ्या जपोनिका आणि विल्यमसायला पश्चिमेची किंवा वायव्येची भिंत द्या. ससान्क्वाला दक्षिणेची किंवा पश्चिमेची, वाऱ्यापासून आडोसा असलेली. उन्हाळ्याची ऊब मिळाली तरच ती भरपूर फुलते.

टाळायच्या जागा: उताराच्या तळाशी, जिथे थंड हवा साचते. पन्हाळीच्या गळक्या तोंडाखाली. आणि मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी, कारण त्याची वरवर पसरलेली मुळं कॅमेलियाच्या वाटचं पाणी पिऊन टाकतात.

> तपासा: हिमकण पडलेल्या सकाळी चहाचा कप घेऊन बागेत उभे राहा. जिथलं पांढरं सगळ्यात आधी नाहीसं होतं, तिथे जपोनिका लावायची नाही.

## टप्पा ३: माती आणि पाणी

कॅमेलियाला आम्लधर्मी माती लागते. सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५ च्या दरम्यान. तपासणीचा संच कुठल्याही गार्डन सेंटरमध्ये मिळतो आणि दहा मिनिटांत काम होतं. संच आणायचा कंटाळा असेल तर गल्लीतून एक फेरी मारा. चार घरांत ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया मजेत असतील तर तुमचीही माती बहुधा चालेल.

सामू ७ च्या वर असेल तर जमिनीशी कुस्ती खेळू नका. गंधक टाकून चुनखडीची जमीन कायमची आम्लधर्मी होत नाही, चुना खालून परत वर येतो. सरळ मोठी कुंडी घ्या आणि 'एरिकेशियस' (म्हणजे आम्लप्रिय झाडांसाठीचं) लिहिलेलं कंपोस्ट भरा. साधं मल्टिपर्पज कंपोस्ट नको, त्यात बहुधा चुना मिसळलेला असतो.

आता पाणी. लंडनमध्ये किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तोच थर नळाच्या पाण्याबरोबर कुंडीतही जातो. दोन-तीन वर्षांत पानं पिवळी पडतात. पन्हाळीखाली पिंप ठेवा आणि पावसाचं पाणी घाला. मात्र जुलैत पिंप आटलं तर झाड तहानलेलं ठेवू नका. काही आठवडे नळाचं पाणी चालतं, कोरडी माती चालत नाही. मी असे लोक पाहिले आहेत, जे "पावसाचंच पाणी" या नियमापायी झाड वाळवून मोकळे झाले.

> इशारा: राख, अंड्याची टरफलं, चुन्याचा हात कॅमेलियाला लावू नका. या तिन्हींनी सामू वर जातो. आणि चहाचा चोथा: चहा हा कॅमेलियाचाच भाऊ, म्हणून चोथा तिला गोड लागेल असं काही नाही. आपल्या चहात दूध-साखर उकळलेली असते. त्याने मुंग्या येतात आणि वर बुरशी धरते, बाकी काही होत नाही.

## टप्पा ४: लावणी

वेळ: ऑक्टोबर, किंवा मार्च-एप्रिल. ऑक्टोबरात माती अजून कोमट असते, मुळं धरतात. कुंडीतलं झाड कधीही लावता येतं म्हणतात, पण जूनमध्ये लावलंत तर सबंध उन्हाळा पाण्याची झारी हातात धरावी लागेल.

१. झाड कुंडीसकट पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढू नका. कोरडी हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकदा जमिनीत गेली की वरून कितीही पाणी घाला, आत शिरत नाही.

२. खड्डा रुंदीला हुंडीच्या दुप्पट-तिप्पट, खोलीला हुंडीएवढाच. खोल खणून खाली मऊ माती भरली तर झाड नंतर खचतं.

३. हुंडीभोवती गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा. थोडी तुटली तरी चालतील.

४. झाड खड्ड्यात ठेवा आणि खड्ड्यावर आडवी काठी धरा. हुंडीचा माथा काठीला टेकला पाहिजे, किंवा बोटभर वर राहिला तरी उत्तम. खाली अजिबात नको.

५. माती भरा, हाताने दाबा. टाचेने तुडवू नका. मग भरपूर पाणी.

६. वर पानांचं कुजकं खत किंवा सालींचा चुरा यांचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी.

> इशारा: चौथी पायरी पुन्हा वाचा. रोप "पक्कं बसावं" म्हणून खोल लावायची आपली सवय असते. खोल लावलेली कॅमेलिया मरत नाही आणि फुलतही नाही, वर्षानुवर्षं तशीच उभी राहते. असं झाड असेल तर ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये उकरून वर घ्या.

कुंडीत लावताना आहे त्यापेक्षा एकच माप मोठी कुंडी घ्या. छोट्या झाडाला एकदम हंडा दिला तर न वापरलेली माती ओली राहून मुळं कुजतात. कुंडी दोन विटांवर ठेवा, निचरा झाला पाहिजे. दर दोन-तीन वर्षांनी फुलं संपल्यावर कुंडी बदला.

## टप्पा ५: जुलै ते ऑक्टोबर

सगळा खेळ इथे आहे. फुलं संपली की एप्रिल-मेमध्ये नवी पालवी येते. जूनच्या सुमारास ती थांबते, आणि त्याच नव्या फांद्यांच्या टोकांशी पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार व्हायला लागतात. ऑगस्टअखेर त्या डोळ्यांना दिसतात: गोल, फुगीर ती फुलाची कळी. बारीक, टोकदार तो पानांचा डोळा. थंडीपर्यंत कळी भरत राहते. या काळात माती एकदा जरी खडखडीत वाळली तरी कळीच्या देठाचं आतून बिनसतं. पान इतकं जाड असतं की ते मलूल होत नाही, त्यामुळे तुम्हाला पत्ता लागत नाही. कळीही तशीच चिकटून राहते. फेब्रुवारीत फुगायला जाते आणि गळते.

पहिल्या वर्षी आम्ही पाच आठवडे पुण्याला होतो. परतलो तेव्हा झाड हिरवंगार. शेजारच्या आजोबांना पेढे दिले, आभार मानले. "पाऊस पडत होता, म्हणून मी फारसं पाणी घातलं नाही," ते म्हणाले. त्यांची चूक नव्हती. कॅमेलियाची दाट पानं छत्रीसारखं काम करतात. पाऊस कुंडीबाहेर ओघळतो, माती कोरडीच राहते. पुढच्या फेब्रुवारीत चाळीसेक कळ्या झाडून भरल्या.

म्हणून भारतात जाण्याआधी:

- आठवडाभर आधी कुंड्या उत्तरेच्या सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. तात्पुरत्या सावलीने कळ्यांचं काही बिघडत नाही. ससान्क्वालाही एवढं चालतं.
- आदल्या दिवशी प्रत्येक कुंडी भिजवा, तळातून पाणी येईपर्यंत. वर आच्छादन घाला.
- शेजाऱ्यांना तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या: "आठवड्यातून दोनदा, एका कुंडीला एक झारी, पाऊस पडला तरीही." टायमरचं ठिबक लावलंत तर आणखी बरं. मात्र ते जायच्या दिवशी नाही, आठ दिवस आधी लावून चालतंय का बघा.
- कुंडीखाली पाण्याने भरलेली ताटली ठेवून जाऊ नका. पाच आठवडे पाण्यात उभं राहून मुळं कुजतात.

खत: आम्लप्रिय झाडांचं खत एप्रिलमध्ये एकदा, जूनमध्ये एकदा. जुलै संपला की बंद. परत आल्यावर अपराधी वाटतं आणि हात खताच्या डब्याकडे जातो. आवरा. उशिरा दिलेल्या खतानेही कळ्या गळतात.

> तपासा: १ सप्टेंबरला झाडासमोर उभे राहा. गोल कळ्या दिसतात? मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओलं लागलं तर बरं. ऑक्टोबर संपेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बोट घालत राहा.

हिवाळ्यात दोनच कामं. कडक थंडीत कुंडीला बबल रॅप गुंडाळा, कारण जमिनीतल्यापेक्षा कुंडीतली मुळं लवकर गोठतात. आणि कळीला रंग दिसू लागला की गोठणाऱ्या रात्री वरून बागेचं फ्लीस (झाडं झाकायचं हलकं कापड) टाका.

## टप्पा ६: छाटणी

खिडकी छोटी आहे: शेवटचं फूल गेल्यापासून नवी पालवी लांबेपर्यंत. जपोनिका आणि विल्यमसायसाठी एप्रिल ते मेचा पहिला आठवडा. ससान्क्वा जानेवारीतच फुलून मोकळी होते, पण तिची छाटणी थंडी ओसरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करा.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती ऑगस्टमध्ये कुंपणाची कात्री हातात असताना "हिलाही जरा गोल करतो" म्हणण्याने, किंवा दिवाळीच्या साफसफाईत. त्या वेळी कापलेलं प्रत्येक टोक म्हणजे पुढचं फूल. झुडूप न फुलण्याची तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, कात्री कधी लावली?

छपरापर्यंत गेलेलं जुनं झाड पार कंबरेखाली आणलं तरी फुटतं, त्याची भीती नको. दोन-तीन वर्षं फुलं विसरायची, एवढंच.

## टप्पा ७: लक्षण पाहून निदान

पानावर केवडा पडला, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर चुन्यामुळे लोह मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणारं लोह) द्या, पावसाचं पाणी सुरू करा. वसंतात आतली जुनी पानं पिवळी होऊन गळली तर काही करू नका, ती तशीच गळतात. एखाददुसऱ्या फांदीवर वेडेवाकडे पिवळे शिंतोडे असतील तर बहुधा विषाणू. उपाय नाही आणि फारसं नुकसानही नाही, फक्त त्या झाडाचं कलम करू नका.

पानांवर काजळी धरली तर वरून पुसत बसू नका, पान उलटं करा. मे-जूनमध्ये खाली पांढऱ्या मेणचट पट्ट्या दिसतील. ती खवले किडीची अंडी. त्या किडीच्या चिकट स्रावावर काजळी वाढते. ओल्या फडक्याने पानांच्या खालून पुसा.

कुंडीतलं झाड हलवल्यावर डुगडुगलं तर मुळाशी वाइन वीव्हिल या भुंग्याची अळी असू शकते. दिसायला आपल्या हुमणीचं पिल्लू. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, माती कोमट असताना, तिला मारणारे सूत्रकृमी (सूक्ष्म जंत) पाण्यातून सोडतात. थंड मातीत ते काम करत नाहीत.

उमललेल्या फुलावर थंडी नसतानाही तपकिरी डाग पसरत असतील तर फूल तोडा, मागची हिरवी टोपी काढा आणि देठाकडची बाजू पाहा. पांढरट-करड्या बुरशीचं कडं दिसलं तर तो पाकळीकरपा. ब्रिटनमध्ये तो १९९९ पासून आहे. पडलेलं प्रत्येक फूल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. झाडाखालचं जुनं आच्छादन काढून नवं घाला, कारण बुरशीचे गड्डे तिथेच पडून राहतात. नुसत्या थंडीने करपलेल्या फुलाला असं कडं नसतं.

## इंग्लंडबाहेर असाल तर

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सगळे महिने सहाने पुढे ढकला. सिडनी-मेलबर्नकडे ससान्क्वाची कुंपणंच्या कुंपणं असतात, तिथे हीच पहिली निवड. पण सापळा तोच आहे: तुमची भारतवारी डिसेंबर-जानेवारीत असते, आणि तिकडे कळ्या धरायचा काळही तोच. टप्पा ५ मधली चिठ्ठी तुम्हालाही लिहायची आहे.

न्यू जर्सी, मेरीलँडकडे थंडी इंग्लंडपेक्षा कडक. साध्या जपोनिकाच्या कळ्या तिथे जळतात. चीनची तेलासाठी लावली जाणारी ओलिफेरा थंडी सोसते. तिच्यापासून विल्यम अॅकरमन यांनी वॉशिंग्टनजवळ संकर तयार केले, 'विंटर्स स्टार' आणि 'स्नो फ्लरी' त्यातलेच. शरदात फुलतात, कडाक्याच्या आधी. तिथे लावणी ऑक्टोबरात नको, वसंतातच करा, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी मुळं धरतील.

आणि महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना: पुण्या-मुंबईत जपोनिका आणू नका. कळी धरायला ऊब लागते, पण उमलायला लांबलेली थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. काळी माती विम्लधर्मी, आणि एप्रिल-मेचं कोरडं ऊन आहेच. दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांत ती मजेत वाढते, तिथे जाऊन बघा. गॅलरीतल्या कुंडीत तसंच चकचकीत पान आणि भरगच्च पांढरं फूल हवं असेल तर अनंत लावा. त्यालाही आम्लधर्मीच माती लागते, तेव्हा टप्पा ३ त्याला जसाच्या तसा लागू आहे.